रात्री कोणाकडे किती? घटस्फोटानंतर मुलं कोणाच्या टॅक्स रिटर्नवर

मार्च २०२६ च्या मध्यावर न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका आईने २०२५ सालचं टॅक्स रिटर्न ऑनलाइन पाठवलं आणि ते लगेच परत आलं. कारण एका ओळीचं होतं. तिच्या मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, आधीच दुसऱ्या एका रिटर्नवर वापरला गेला होता. दुसरं रिटर्न कोणाचं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मुलाच्या वडिलांनी फेब्रुवारीतच फाइल करून टाकलं होतं आणि त्यांचा रिफंडही जमा झाला होता.

हे कुटुंब मी या लेखासाठी रचलं आहे. माणसं काल्पनिक आहेत. नियम, कॅलेंडर आणि कराचे दर मात्र अमेरिकेच्या २०२५ च्या कायद्यातले आहेत. अमेरिकेतल्या मराठी घरांत हा गुंता एका खास पद्धतीने वाढतो. उन्हाळ्यात मुलं आजी-आजोबांकडे पुण्याला जातात, आणि एक भावंड भारतात जन्मलेलं तर दुसरं अमेरिकेत, हेही नेहमीचं. या दोन्ही गोष्टींचा करावर परिणाम होतो, आणि घटस्फोटाचा करार लिहिताना त्यांचा विचार झालेला नसतो.

घर असं आहे. घटस्फोट २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या कोर्टात झाला. दोघांकडे आपापला एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा आहे. मुलगी १४ वर्षांची, जन्म पुण्याचा, एच-४ म्हणजे पालकाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. मुलगा ९ वर्षांचा, जन्म न्यू जर्सीचा, म्हणून अमेरिकन नागरिक. वडिलांचा करपात्र पगार १ लाख ६५ हजार डॉलर, आईचा ९२ हजार. दोघांची घरं एकमेकांपासून दहा मिनिटांवर. जुनं घर वडिलांनी ठेवलं, त्यामुळे शाळेच्या दप्तरी मुलांचा पत्ता त्यांचाच आहे.

मुलांचा ताबा समसमान. सोमवार-मंगळवारच्या रात्री आईकडे, बुधवार-गुरुवारच्या वडिलांकडे, आणि शुक्रवार-शनिवार-रविवार एक आड एक. चौदा दिवसांत सात-सात रात्री. आणि करारात करासाठी एकच वाक्य: मुलगी आईच्या रिटर्नवर, मुलगा वडिलांच्या. कागदावर वाचायला यापेक्षा न्याय्य काही दिसत नाही.

त्या वाक्याच्या आधारे वडिलांनी मुलाला डिपेंडंट, म्हणजे आपल्यावर अवलंबून, दाखवलं, त्याचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलामागे करात मिळणारी सूट) घेतलं आणि स्वतःचा दर्जा ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ (मुलांचं घर चालवणारा एकटा पालक, ज्याला कर कमी लागतो) असा लावला. आईने या वर्षी कुठेतरी वाचलं की ज्याच्याकडे मुलं जास्त रात्री राहतात त्याचाच हक्क. गेल्या वर्षी मुलं आपल्याकडेच जास्त होती असं तिला वाटत होतं. म्हणून तिने दोन्ही मुलं आपल्या रिटर्नवर घातली. वडिलांचं म्हणणं, “कोर्टाचा कागद आहे माझ्याकडे.” आईचं म्हणणं, “पुण्यातले सगळे दिवस ती माझ्या आई-बाबांकडे होती, ते माझेच.” दोघांनीही आपापली बाजू मनापासून मांडली होती आणि दोघांचीही कारणं चुकीची होती.

आयआरएस काय मोजते

अमेरिकेचं फेडरल कर खातं, म्हणजे आयआरएस, ताब्याचा कागद पाहत नाही. ते झोपलेल्या रात्री मोजतं. वर्षभरात मूल ज्या पालकाकडे जास्त रात्री राहिलं तो ‘कस्टोडियल’ पालक, दुसरा ‘नॉन-कस्टोडियल’. शाळेत कोणाचा पत्ता आहे, खर्च कोणी जास्त केला, करारात ‘प्रायमरी’ म्हणून कोणाचं नाव आहे, यावर हे ठरत नाही. वडिलांची सगळी भिस्त शाळेच्या पत्त्यावर होती. न्यू जर्सीच्या चाइल्ड सपोर्टच्या हिशोबात शाळेच्या काळात मूल कोणत्या घरी राहतं याला वजन आहे, त्यामुळे त्यांचा समज कुठून आला हे कळतं. पण तो राज्याचा हिशोब झाला. फेडरल कराचा वेगळा.

रात्री मोजायचे पोटनियम मात्र नीट समजून घ्यावे लागतात. मूल पालकाच्या घरी झोपलं किंवा घराबाहेर पण त्या पालकाच्या सोबत होतं, तर ती रात्र त्या पालकाची. मूल मित्राच्या घरी, कॅम्पला किंवा नातेवाइकांकडे असेल आणि दोघांपैकी कुणीच सोबत नसेल, तर ती रात्र ज्याच्याकडे ते एरवी असतं त्याची. रात्रपाळी करणाऱ्या पालकासाठी रात्रींऐवजी दिवस मोजायचा अपवाद आहे. आपल्याकडच्या कित्येक नर्स आणि हॉस्पिटलमधल्या मंडळींना तो लागू पडेल, पण इथे त्याचा संबंध नाही. आणि रात्री तंतोतंत सारख्या आल्या, जे ३६६ दिवसांच्या वर्षातच सहज शक्य आहे, तर ज्याचं समायोजित उत्पन्न जास्त तो कस्टोडियल मानला जातो.

३६५ ही विषम संख्या. ताबा कितीही समसमान असो, सगळ्या रात्री या दोन घरांतच गेल्या असतील तर कुणाकडे तरी एक रात्र जास्त पडणारच. समसमान ताब्याचा करार लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे आधी ध्यानात घ्यायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं.

२०२५ चं कॅलेंडर

आता प्रत्यक्ष मोजू. १ जानेवारी २०२५ ला बुधवार होता आणि ३१ डिसेंबरलाही बुधवार. म्हणजे त्या वर्षी सोमवार, मंगळवार, गुरुवार प्रत्येकी ५२ आणि बुधवार ५३. शुक्रवार-शनिवार-रविवारचे गट ५२, म्हणजे प्रत्येकी २६, रात्री ७८-७८. आईच्या वाट्याला १०४ अधिक ७८, म्हणजे १८२. वडिलांच्या वाट्याला १०५ अधिक ७८, म्हणजे १८३. नुसत्या वेळापत्रकावर गेलं तर एका जादा बुधवारच्या जोरावर वडील कस्टोडियल ठरतात. हेच वेळापत्रक २०२४ ला लावलं तर उलटं होतं. ते वर्ष सोमवारी सुरू होऊन मंगळवारी संपलं, दोन्ही जादा रात्री आईच्या, १८४ विरुद्ध १८२.

पण मुलं वेळापत्रकात राहत नाहीत, घरात राहतात. २८ जून २०२५ ला, शनिवारी, आई दोन्ही मुलांना घेऊन निघाली. विमानातली रात्र धरून १८ जुलैपर्यंतच्या २१ रात्री ती मुलांसोबत होती. रजा संपली तशी ती १९ जुलैला परतली आणि मुलं कोथरूडला तिच्या आई-बाबांकडे राहिली. ९ ऑगस्टला वडील पोचले. त्यांनी मुलांना आपल्या आई-वडिलांकडे साताऱ्याला नेलं, आणि २३ ऑगस्टला मुलांसह न्यू जर्सीला परत आले. गणपती २७ ला होते, पण सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळा आणि वडिलांचं ऑफिस, म्हणून चार दिवस आधीच निघावं लागलं.

पहिल्या २१ रात्री सगळ्या आईच्या. वेळापत्रकाने त्यातल्या ११ तिच्याच होत्या, म्हणजे १० नव्याने मिळाल्या. शेवटच्या १४ रात्री, विमानातली धरून, वडिलांच्या. त्यात वेळापत्रकाने सात आईच्या होत्या, म्हणजे वडिलांना सात नव्या. राहिल्या मधल्या २१, जेव्हा दोघांपैकी कुणीही पुण्यात नव्हतं. इथे आईचा दावा पडतो. घर तिच्या आई-वडिलांचं असलं तरी त्या रात्री तिच्या होत नाहीत. आजी-आजोबा कोणत्या बाजूचे, हे कायदा विचारत नाही. मुलं न्यू जर्सीत असती तर त्या रात्री कोणाकडे गेली असती, एवढंच तो विचारतो. करारात उन्हाळ्यासाठी वेगळं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून नेहमीचं वेळापत्रक लागू. त्याप्रमाणे १० रात्री आईच्या आणि ११ वडिलांच्या. इथे फरक शून्य.

आई आता १८५, वडील १८०. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, १५ आणि १६ ऑक्टोबरला, वडील ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी होते आणि मुलं आईकडे झोपली. आई १८७, वडील १७८. मुलगा वडिलांच्या एका शनिवारी मित्राकडे राहायला गेला होता, पण ती रात्र वडिलांचीच राहते.

म्हणजे २०२५ साठी आई कस्टोडियल. तिचं उत्तर बरोबर होतं, पण आजी-आजोबांच्या घरामुळे नाही. विमानाची तिकिटं आणि ऑक्टोबरमधल्या दोन रात्री यांनी ते ठरवलं. तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, वडिलांनी ऑफिसच्या प्रवासाबद्दल पाठवलेला मेसेज, हे सगळं तिने जपून ठेवलं होतं. पुढे आयआरएसने विचारलं तर पुरावा म्हणून हेच चालतं.

कोर्टाच्या कागदाचं काय

करारात स्पष्ट लिहिलंय की मुलगा वडिलांच्या रिटर्नवर. तरीही तो कागद आयआरएसच्या दारात उपयोगाचा नाही. २००८ नंतर झालेल्या घटस्फोटांत करार किंवा कोर्टाचा निकाल रिटर्नला जोडून चालत नाही. कस्टोडियल पालकाने फॉर्म ८३३२ वर सही करून ‘या मुलावरचा दावा मी या वर्षासाठी सोडते’ असं लिहून द्यावं लागतं, आणि दुसऱ्या पालकाने तो आपल्या रिटर्नला जोडावा लागतो. त्यात अट घालता येत नाही. अमेरिकेच्या टॅक्स कोर्टाने २०१३ मध्ये अशाच एका वडिलांचा दावा फेटाळला होता: घटस्फोटाच्या निकालात हक्क होता, पण आईने फॉर्मवर सही केली नव्हती. निकाल मोडला गेला असेल तर दाद राज्याच्या कोर्टात मागा, हा त्याचा अर्थ.

माझ्या मते हा नियम कठोर वाटला तरी योग्य आहे. आयआरएसने प्रत्येक घटस्फोटाचा करार वाचून त्यातल्या अटी पाळल्या की नाही हे ठरवायचं म्हटलं, तर दोन माणसांचं भांडण कर खात्याच्या टेबलावर वर्षानुवर्षं पडून राहील. एका पानाचा फॉर्म, एक सही, एक वर्ष. पण मग करार लिहिणाऱ्यांनी या फॉर्मचं नाव करारात घालायलाच हवं. या जोडप्याच्या करारात ते नव्हतं, आणि याचा दोष मी आई-वडिलांपेक्षा करार लिहिणाऱ्यांना देईन.

मोठी रक्कम दुसरीकडेच आहे

दोघांचा सगळा राग मुलाच्या चाइल्ड टॅक्स क्रेडिटवर होता. २०२५ साठी ते १७ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलर आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने २,००० वरून ते वाढवलं. पण या प्रकरणात त्याहून मोठी रक्कम वडिलांच्या रिटर्नवर दुसऱ्या दोन जागी होती, आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पहिली जागा हेड ऑफ हाउसहोल्ड. वडिलांना वाटलं, एक मूल माझ्या रिटर्नवर आहे म्हणजे मी हेड ऑफ हाउसहोल्ड. तसं नाही. या दर्जासाठी मूल निम्म्याहून जास्त वर्ष त्या घरी राहिलेलं असावं लागतं आणि घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भाग त्या पालकाने उचललेला असावा लागतो. फॉर्म ८३३२ ने हा दर्जा हस्तांतरित होत नाही. आईने सही करून मुलाचं क्रेडिट वडिलांना दिलं तरी हेड ऑफ हाउसहोल्ड आईच, आणि वडील ‘सिंगल’.

आकड्यांत पाहा. २०२५ साठी सिंगलची स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) १५,७५० डॉलर, हेड ऑफ हाउसहोल्डची २३,६२५, शिवाय खालच्या दरांचे टप्पेही जास्त रुंद. वडिलांचा कर हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणून २५,०३८ आला होता, सिंगल म्हणून २८,६६७ येतो. फरक ३,६२९, म्हणजे ज्या क्रेडिटसाठी भांडण चाललं होतं त्याच्या दीडपटीहून जास्त. आईच्या बाबतीत उलट: सिंगल म्हणून ११,६८९, हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणून ८,२१८.

दुसरी जागा वडिलांच्या डब्ल्यू-२ च्या, म्हणजे पगाराच्या वार्षिक विवरणपत्राच्या, दहाव्या रकान्यात होती. त्यांनी ऑफिसमधून डिपेंडंट केअर एफएसएत, म्हणजे मुलांच्या देखभालीसाठी पगारातून पैसे बाजूला ठेवायच्या खात्यात, ५,००० डॉलर करमुक्त कापून घेतले होते आणि मुलाच्या शाळेनंतरच्या पाळणाघराचे पैसे त्यातून भरले होते. खर्च खरा, पावत्या खऱ्या. पण ही सवलतही कस्टोडियल पालकाचीच. त्यामुळे ते ५,००० करपात्र पगारात परत जोडायचे, त्यावर २४ टक्क्यांनी १,२०० डॉलर कर. आई मात्र स्वतःच्या खिशातून भरलेल्या ३,४०० पैकी कमाल ३,००० वर २० टक्के, म्हणजे ६०० डॉलरचं चाइल्ड केअर क्रेडिट घेऊ शकते, मुलाचा दावा सोडला तरीही. मुलगी १३ च्या वर गेल्यामुळे तिचा इथे प्रश्न नाही.

थोडक्यात फॉर्म ८३३२ ने फक्त चाइल्ड टॅक्स क्रेडिट किंवा त्याऐवजी मिळणारं लहान क्रेडिट, आणि पुढे कॉलेजची क्रेडिट्स, एवढंच दुसऱ्या पालकाकडे जातं. हेड ऑफ हाउसहोल्ड, चाइल्ड केअर आणि कमी उत्पन्नाच्या घरांचं अर्न्ड इन्कम क्रेडिट हे मुलाच्या रात्रींना बांधलेलं आहे. “अर्धं-अर्धं वाटून घेऊ,” असं अनेक जोडपी सुचवतात, पण एकाच मुलाचं एकच क्रेडिट दोन रिटर्नवर तोडून घालता येत नाही.

मुलगी तुझी, मुलगा माझा

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलं ते करारातलं हे वाक्य. मुलगी एच-४ वर आहे. एच-४ वरच्या मुलांना काम करायची परवानगी असलेला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. त्यांच्यासाठी आयटिन हा वेगळा करक्रमांक काढतात. चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी मात्र मुलाला नोकरीला वैध असा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. तो नसेल तर ‘इतर डिपेंडंट’चं ५०० डॉलरचं क्रेडिट. म्हणजे करारात ‘एक-एक मूल’ दिसलं, पण प्रत्यक्षात कमी पगार असलेल्या आईला दरवर्षी ५०० आणि वडिलांना २,२००. हा फरक कुणी मुद्दाम ठेवला असं मला वाटत नाही. पण एकाच घरातली दोन भावंडं, एकाच टेबलावर अभ्यास करणारी, आणि एकाच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यामुळे हा फरक पडतो, हे करार करताना कुणीतरी बोलून दाखवायला हवं होतं. भारतीयांच्या ग्रीन कार्डची रांग पाहता मुलगी १७ ची व्हायच्या आत तिला नंबर मिळेल यावर कुणी भरवसा ठेवू नये. २०२७ हे तिचं शेवटचं पात्र वर्ष. मुलाची पात्रता २०३२ पर्यंत आहे.

पुण्यातल्या आजोबांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, “मुलं दोघांचीच आहेत ना, मग सरकारला एकच नाव कशाला हवं?” त्यांचा प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडे १९६१ च्या आयकर कायद्यात, जुन्या करप्रणालीत, शाळा-कॉलेजची ट्यूशन फी ८०-सी खाली ज्या पालकाने भरली त्याने आपापल्या मर्यादेत दाखवायची असे. दोघांनी वाटून भरली तर दोघेही दाखवत. त्या कायद्यात घटस्फोटानंतर मूल कोणाचं, हा प्रश्न मुख्यतः अज्ञान मुलाच्या स्वतःच्या उत्पन्नाबाबत येई. कलम ६४(१अ) प्रमाणे विवाह टिकून नसेल तर ते उत्पन्न मुलाचं पालनपोषण करणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात मिळवत. अमेरिकेत मूल स्वतःच रिटर्नवरची एक ओळ आहे आणि ती ओळ एकाच कागदावर चालते.

सोडवणूक

आईसमोर तीन रस्ते होते. पहिला, चिडून दोन्ही मुलं आपल्या रिटर्नवर ठेवायची आणि पुन्हा पाठवायचं. २०२५ च्या फाइलिंग हंगामापासून, दुसऱ्या कुणी डिपेंडंट आधी दाखवला असला तरी, करदात्याने आयआरएसचा सहा आकडी आयपी पिन (ओळख पटवायचा गुप्त क्रमांक) घेऊन रिटर्न पाठवलं तर ते ऑनलाइन स्वीकारलं जातं. पूर्वी यासाठी कागदी रिटर्न टपालाने पाठवावं लागे. मग दोघांनाही सीपी ८७ए नावाचं पत्र येतं: मूल दोन रिटर्नवर आहे, चूक असेल तर दुरुस्त करा. कुणीच माघार घेतली नाही तर तपासणी. आयआरएसपुढे आई जिंकली असती, रात्री तिच्याच होत्या. पण करार मोडल्याबद्दल वडील तिला न्यू जर्सीच्या फॅमिली कोर्टात खेचू शकले असते, आणि तिथे जिंकूही शकले असते. २,२०० डॉलरसाठी दोन वकिलांची फी.

दुसरा रस्ता, गप्प बसायचं आणि मुलगा वडिलांच्या रिटर्नवर जसा आहे तसा राहू द्यायचा. याने वडिलांचं चुकीचं हेड ऑफ हाउसहोल्ड आणि एफएसए तसंच राहतं. चाइल्ड टॅक्स क्रेडिट बेफिकिरीने चुकीचं घेतल्याचं ठरलं तर दोन वर्षांची बंदी येऊ शकते, फसवणूक ठरली तर दहा. एच-१बी वर ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या माणसाने कर खात्याशी असा वाद अंगावर ओढवून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा रस्ता दोघांनी घेतला. आईने फॉर्म ८३३२ च्या पहिल्या भागात, फक्त २०२५ साठी, फक्त मुलासाठी सही केली. ‘पुढच्या सर्व वर्षांसाठी’ असा दुसरा भाग तिने कोरा ठेवला, आणि माझ्या मते तो नेहमी कोराच ठेवावा. एकदा सही केली की ती मागे घेता येते, पण दुसऱ्या पालकाला नोटीस दिल्याच्या पुढच्या वर्षापासून. मधलं वर्ष हातचं जातं. तिने रिटर्न मुलगी, हेड ऑफ हाउसहोल्ड आणि चाइल्ड केअर क्रेडिटसह पाठवलं. तिचा कर ८,२१८ मधून ५०० आणि ६०० वजा जाऊन ७,११८ च्या आसपास आला.

वडिलांनी १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून आपलं रिटर्न दुरुस्त केलं: सिंगल, एफएसएचे ५,००० पगारात मिळवलेले, मुलगा कायम, फॉर्म ८३३२ जोडलेला. कर २२,८३८ वरून २७,६६७ झाला. ४,८२९ डॉलर परत भरावे लागले. त्यांना ते सोपं गेलं नाही. रिफंडमधून घराच्या छताचं काम करून घ्यायचं ठरलं होतं. पण सगळं १५ एप्रिलच्या आत झाल्यामुळे व्याज-दंडाचा प्रश्न आला नाही. मुदत उलटून गेली असती तर रोज व्याज चढत गेलं असतं. न्यू जर्सी राज्याचं रिटर्नही त्याच धर्तीवर दुरुस्त करावं लागलं.

बोलणी चालू असताना वडिलांनी एक विचारलं होतं: डिसेंबरात मुलांना पाच-सहा रात्री जास्त आपल्याकडे ठेवलं तर पुढच्या वर्षी आकडा आपल्या बाजूने वळेल का? हिशोबाने कदाचित वळेल. पण मुलांनी कुठे झोपायचं हे चौदा वर्षांच्या मुलीला विचारून, तिची परीक्षा आणि तिच्या मैत्रिणी बघून ठरवा. कराच्या टप्प्यासाठी ती रात्र हलवू नका. एवढ्याच पैशांसाठी तडजोड करायची तर ती चेकने करता येते.

आणि ती केलीही. दोघांचं उत्पन्न २ लाखांच्या खाली असल्यामुळे मुलाचं क्रेडिट कोणाच्याही हातात तेवढंच, २,२०० चं. दोन्ही मुलांचं मिळून २,७००, निम्मे १,३५०. वडिलांकडे २,२०० गेले तर त्यांनी आईला ८५० द्यायचे. करारात दुरुस्ती करून हेच लिहून घेतलं: दरवर्षी १५ जानेवारीपर्यंत दोघांनी रात्रींचं कॅलेंडर एकमेकांना पाठवायचं, ज्याच्याकडे रात्री कमी त्याने हेड ऑफ हाउसहोल्ड लावायचं नाही, ३१ जानेवारीपर्यंत कस्टोडियल पालकाने मुलाचा फॉर्म ८३३२ त्या एका वर्षासाठी द्यायचा किंवा ठेवायचा, आणि क्रेडिटमधला फरक निम्मा-निम्मा करायचा. उन्हाळ्यात मुलं भारतात आजी-आजोबांकडे असतील त्या रात्री कोणाच्या, याचंही एक कलम घातलं: दोन्ही पालक सोबत नसतील तेव्हा नेहमीचं वेळापत्रक. एफएसए पुढच्या वर्षीपासून आईच्या ऑफिसमधून.

२०२६ गुरुवारी सुरू होऊन गुरुवारीच संपतं, म्हणजे ५३ वा गुरुवार वडिलांचा. कागदावर ते पुन्हा एका रात्रीने पुढे आहेत. उन्हाळ्याची तिकिटं अजून काढायची आहेत.